मामांचा सोडा

माघ शु. ३
आज पुन्हा बूच उडालं. या वेळी थेट देवघरापर्यंत. खायचा सोडा, लिंबाचं सत, वरून गार पाणी, बूच दाबून सुतळीनं बांधायचं. मामांनी सगळं बरोबर केलं होतं, सुतळी तेवढी जुनी निघाली. अर्धं जमिनीवर गेलं, उरलेलं तिघांत वाटलं. चव साबणाच्या जवळची. मामा विचारतात, "कसं आहे जावईबापू?" छान आहे म्हटलं.
सौ. नंतर म्हणाली, आई गेल्यापासून बाबांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

माघ शु. ११
मामांचं कापडाचं दुकान दुपारनंतर बंदच असतं हल्ली. पोटात जळजळ होते म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरनं सोडा पाजला, तिथून हे सुरू झालं. जळजळ कुठल्या कुठं गेली, सोडा राहिला. त्यांच्याकडं काम करणारी बाई पसाऱ्यावरून बोलते म्हणून प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात. आज आल्याचा रस घातला. आधीपेक्षा बरं होतं. तसं सांगितलं तर एवढे खूश झाले की उद्या पुन्हा येतो म्हणाले.
कचेरीत पेशकारसाहेबांनी विचारलं, तुमच्या अंगाला लिंबाचा वास कसला येतो.

माघ व. ५
मामा आज एकटे आले नाहीत. बरोबर हुसेनमियाँ. हैदराबादेत सोडावॉटरच्या कारखान्यात बरीच वर्षं होता, आई आजारी म्हणून नांदेडला परत आला. बोलायला मोकळा. म्हणाला, "साब, बुचाचं काम नको. एक हातमशीन, एक गॅसची टाकी, गोटीच्या बाटल्या. बस. फिर देखो."
मामांनी सगळं ठरवून टाकलेलं. कापड विकून दुकान रिकामं करायचं, त्याच जागेत मशीन. हुसेनमियाँचे हात, मामांची जागा आणि पैसा. तरी पैसा कमी पडतो. "तिसरा हिस्सा तुमचा, जावईबापू. घरातली लक्ष्मी घरात."
तनख्यात काय उरतं, म्हटलं.
"मुरुडला जमीन आहे की तुमची."
इतकं सहज. जशी खुंटीवरची टोपी काढून द्यायची.
वडील गेले तेव्हा मला इथं आणून याच माणसानं शिकवलं. यांच्या पंगतीला जेवून शाळा केली, यांच्या शब्दावर कचेरीत लागलो, यांनीच मुलगी दिली. कधी बोलून दाखवलं नाही. एकदा जरी दाखवलं असतं तर आज नाही म्हणता आलं असतं.

माघ व. ६
सौ.ला विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाली, तुम्ही ठरवा. मग दिवा मालवताना, "बाबांचं मन मोडू नका."
म्हणजे ठरलेलंच आहे.

फाल्गुन शु. २, मुरुड
कचेरीतून आठ दिवसांची रुखसत घेऊन आलो. जेवणं झाल्यावर दादापाशी विषय काढला.
"कशाचा कारखाना?"
"सोड्याचा."
"धुण्याचा सोडा?"
"प्यायचा. पाण्यात गॅस भरतात अन् बाटली बंद करतात."
दादा सुपारी कातरत बसला होता. कातरायचा थांबला. "पाण्यात हवा भरायची अन् ते इकायचं."
"हाव."
आत वहिनी हसल्या. दादा हसला नाही. "मामांनी सांगितलं का तुला?"
"हाव."
"मग झालं." आणि पुन्हा सुपारी. थोड्या वेळानं म्हणाला, "शेत भाईर कुणाला दिऊ नको. मीच घीन. बापानं दोघांत बांध घातला न्हवता, मी बी घालत न्हाई."
मला वाटत होतं दादा भांडेल. भांडला असता तर नांदेडला जाऊन सांगता आलं असतं, दादा ऐकत नाही.

फाल्गुन शु. ५, लातूर
गंजाच्या बाजारात दादाची तूर विकली, पैसे माझ्या हातात. जमिनीचा कागद करायला रजिस्ट्रीच्या कचेरीत जाऊ म्हटलं तर दादा म्हणाला, "करू मागून. काय गडबड हाय?"
बाटल्या इथूनच घ्यायच्या होत्या. सोलापूरकडून छोट्या आगगाडीनं येतात. व्यापारी आपला हाली रुपया घेईना, इंग्रजी कलदार मागतो. बदलून घेताना तुटायचं ते तुटलं. हिरव्या जाड काचेच्या, गळ्यात गोटी. कडब्यात गुंडाळून पेट्या भरल्या. दादानं एक बाटली उन्हात धरून हलवली, गोटीचा आवाज ऐकला. मग हळूच जागेवर ठेवली, पोराला पाळण्यात ठेवावं तशी.
मोटारीत पेट्या चढवून दिल्या, मग परत मुरुडला गेला. पैशाबद्दल एक शब्द नाही.

फाल्गुन व. १०
मशीन आलं. बैलगाडीतून उतरवताना वजिराबादच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं उभी. पितळी टाकी, मोठं लोखंडी चाक, बाटल्या पालथ्या धरायचा सांगाडा. मामा गाडीवानाला सारखे, हळू, हळू. कापडाच्या दुकानाला इतक्या वर्षांचा जो वास होता तो गेला. आता तेल आणि ओल्या कडब्याचा.
हुसेनमियाँनी तोंडावर जाळीचा मुखवटा बांधून पहिली बाटली भरली. फुटली. दुसरी पण. तिसरी राहिली. मामांनी ती तोंडाला न लावता कपाळाला लावली.

चैत्र शु. १
पाडव्याला दुकान उघडलं. नारळ मामांनी फोडला, हुसेनमियाँच्या आईनं हिरवा कपडा मशीनला बांधला. गिऱ्हाईक बरं. लढाईपायी साखर कार्डावर, त्यामुळं गोड सोडा थोडाच, साधाच जास्त. स्टेशनकडून येणारे टांगेवाले थांबून पितात.
आमच्या गल्लीतल्या म्हातारबुवांना मामांनी विचारलं, सोवळ्यात चालतो का. ते म्हणाले, मशीनला कसली जात. मामा ही गोष्ट प्रत्येकाला सांगून राहिले.
मी संध्याकाळी कचेरीतून सुटलो की हिशेबाला बसतो. बसायचं ठरवलं नव्हतं. मामांनी जागा दाखवली, बसलो.

चैत्र व. ७
पाण्याची व्यवस्था चांगली आहे, हे लिहून ठेवतो. मागच्या आडाचं पाणी, दोन मोठे हंडे चुलीवर, खळखळ उकळायचं, झाकून रातभर निवू द्यायचं, मग टाकीत. हुसेनमियाँ हैदराबादेत असंच करायचा. मामा स्वतः पहाटे उठून चूल पेटवतात. या वयात.
बाटल्या परत येताना गोट्या गायब. पोरं फोडून नेतात. मामा रागावत नाहीत. "खेळू द्या," म्हणतात.

वैशाख शु. ४
ऊन वाढलं तसं गिऱ्हाईक वाढलं. आज दुपारपर्यंत सगळं संपलं, लोक परत गेले. मामांना परत गेलेलं माणूस सहन होत नाही. दिवसभर तेच. "देगलूरचा माणूस होता हो, इतक्या लांबून आला होता."
आड खाली गेलाय. बादलीत गाळ येतो.

वैशाख शु. १२
आता पाणी नदीचं. भिस्ती पखालीनं आणून टाकतो.
वखारीत लाकूड मिळत नाही, मिळालं तर ओलं. हंडे उकळायला वेळ, निवायला त्याहून वेळ. तोवर दारात माणसं. आज गेलो तर चूल थंड होती. धोतराच्या दुहेरी फडक्यातून पाणी गाळून, तुरटी फिरवून सरळ टाकीत चाललेलं.
"मामा, उकळायचं राहिलं का?"
मामा आत गेले. चिमणी आणली, पेटवली, गॅसच्या नळीपाशी धरली आणि तोटी जराशी फिरवली. चिमणी विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.
"ज्यात दिवा जगत नाही त्यात किडा जगेल का, जावईबापू?"
हुसेनमियाँकडं पाहिलं. तो म्हणाला, "साब, घरी आम्ही तेच पाणी पितो, गाळून. अल्लाच्या मेहरबानीनं सगळे ठीक आहेत."
ते पण खरंच. आम्ही तरी घरी कुठं उकळतो.
तरी म्हटलं, डॉक्टरांना एकदा विचारू या. मामा म्हणाले, विचारतो. दाराशी चार टांगेवाले उभे होते. मी हिशेबाला बसलो.

वैशाख व. ३
नदीकाठच्या खेड्यांत पटकी आली म्हणतात. कचेरीत कागद आला, कॉलऱ्याचे टोचणीवाले निघाले. शहरात अजून काही नाही.
मामांना विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. भेटले नाहीत म्हणे. खेड्यांत गेलेत.

वैशाख व. ९
दवंडी पिटली. पाणी उकळून प्यावं, कापलेली फळं घेऊ नयेत, नदीत कपडे धुऊ नयेत. संध्याकाळी दुकानापुढं पाय ठेवायला जागा नाही. ज्यांच्या घरी सरपण नाही ते सोडा न्यायला आलेत. एक बाई तान्ह्याला घेऊन आली, पदराच्या गाठीतून पैसे काढले. तिनं विचारलं, "हे पानी उकळलेलं हाय का?"
मामा म्हणाले, "मशीनचं आहे, माय."
मशीनचं म्हटल्यावर ती निवांत झाली. मामांनी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटलं नसणार. त्यांचा विश्वासच आहे. मी तिथं हिशेबाची वही मांडीवर घेऊन बसलेलो. उठून तिला काय सांगणार होतो, आणि मामांच्या देखत?

वैशाख व. १०
सौ.नं घरचं पाणी उकळायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

ज्येष्ठ शु. ६
दादा आला. कळवलं नव्हतं. लातूरहून मोटारीनं, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. "म्हटलं बघून येतो, कसली हवा भरून राहिलाय तू."
आधी नदीवर, गंगेवर गेला. नको म्हटलं, दिवस बरे नाहीत. "इथवर आलो अन् गंगेत बुडी मारू न्हाई?" अंघोळ केली, तीनदा ओंजळीनं पाणी घेतलं. येताना वाळूतल्या मळ्यातलं टरबूज, तिथंच फोडून खाल्लं, अर्धं आमच्यासाठी आणलं. ते सौ.नं गाईला घातलं.
मग दुकानात. मामांना काय करू अन् काय नको झालं. "पाव्हणे, पहिली बाटली तुमची. शेत तुमचं लागलंय याला."
दादा म्हणाला, "मला साधं पाणी चालतंय."
"साधं पाणी या दिवसांत कसं देऊ?" मामा म्हणाले आणि बाटली फोडून हातात दिली.
एका दमात प्याला. मोठा ढेकर आला, स्वतःच दचकला. सगळे हसले, दादा पण. दुसरी मागून घेतली. मग पेट्यांवर बसून दुपारभर हुसेनमियाँचं काम बघत राहिला. चाक फिरवायला मागितलं, फिरवलं. सांगाडा उलटतो तेव्हा गोटी आपोआप कशी बसते, ते पुन्हा पुन्हा बघितलं. मामा समजावून सांगत होते, गॅस कुठनं येतो, रबराची चकती कशाला. दादाला इतकं रमलेलं मी लहानपणी पाहिलं असेल.
आज मला पहिल्यांदा वाटलं, पैसे बरे लागले.

ज्येष्ठ शु. ७
दादा सकाळच्या मोटारीनं गेला. स्टँडवर म्हणाला, "गणपत, एक बोलायचं हुतं तुझ्याशी." तेवढ्यात मामा लगबगीनं आले. पोरांसाठी चार बाटल्या, मागच्या फळीवरच्या, कडब्यात बांधलेल्या. त्या कशा धरायच्या, उन्हात ठेवायच्या नाहीत, हे सांगेपर्यंत मोटारवाल्यानं भोंगा वाजवला.
"ऱ्हाऊ दी," दादा म्हणाला. "पुढल्या खेपंला."
शेताच्या कागदाचं असेल.

ज्येष्ठ शु. ११
मुरुडहून माणूस आला. कचेरीतच गाठलं त्यानं मला. दादा गेला. परवा संध्याकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले, काल गेला. थांबता येत नव्हतं म्हणून उरकून घेतलं. पुतण्यानं अग्नी दिला.
पेशकारसाहेबांनी रुखसतीचा कागद स्वतः लिहिला.

ज्येष्ठ शु. १३, मुरुड
लिहायला काही नाही. घर धुऊन काढलेलं. चुन्याचा वास. वहिनी कोपऱ्यात. मला पाहून उठल्या, बसल्या.
संध्याकाळी विचारलं, "भाऊजी, तिथं काय खाल्लं त्यांनी?"
सांगितलं. गंगेचं पाणी घेतलं. टरबूज खाल्लं. आमच्या घरी जेवला. दोन बाटल्या सोडा.
वहिनी म्हणाल्या, "टरबूजच आसंल."
"पोरांनी बाटल्या प्याल्या का?"
"तीन पोरांनी पिल्या. त्येंला कुणाला काय बी झालं न्हाई."
म्हणजे सोडा नव्हे. नाही तर त्या मागच्या फळीवरच्या बाटल्या, चैत्रात भरलेल्या असतील, उकळलेल्या पाण्याच्या. कोण सांगणार. मामांनाच आठवत नसेल.
पाणी उकळलेलं नव्हतं, एवढेच तीन शब्द. जिभेवर आले, तिथंच राहिले.

ज्येष्ठ व. ७, मुरुड
तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर वहिनींनी बोलावलं.
"त्ये तुमच्याकडं का आले हुते, सांगितलं का त्येंनी?"
नाही म्हटलं. मोटार सुटली.
"शेताचा कागद करायचा न्हाई म्हणून सांगायला गेले हुते. घरी म्हणले, गणपतचं त्ये गणपतचंच. त्येचा धंदा चालला तर पैसे दील, न्हाई चालला तर न्हाई. शेत मातुर त्येच्या नावचं उठवायचं न्हाई. मलाबी तसंच करायचंय."
मी म्हटलं, वहिनी, तुमची पोरं लहान आहेत. घ्या ते शेत. तूर तुमची गेली.
"त्येंनी ठरवलेलं मी कशी मोडू?"
मी खाली मान घालून बसलो. त्यांना वाटलं मला भरून आलंय.

ज्येष्ठ व. १०, नांदेड
परत. मामा दारातच भेटले. त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ धरला. काय झालं, कसं झालं, काहीच विचारलं नाही. त्यांना सगळं विचारायची सवय. पाहुणा कुठल्या मोटारीनं आला, कुठं बसला, तेसुद्धा.
दुकान बंद आहे. दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले, दोन बाटल्या तपासायला हैदराबादला पाठवल्या. तोवर विकू नका म्हणाले. हुसेनमियाँ रोज येऊन मशीन पुसतो आणि जातो.
शहरात माणसं जाऊन राहिलीत. होळी गल्लीत तीन. ती तान्ह्यावाली बाई कुठली होती, कुणाला ठाऊक नाही. मी विचारून पाहिलं.

आषाढ शु. ४
पटकी ओसरली. हैदराबादहून काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, कधी येतं कधी येत नाही, उघडा आता.
मी त्यांना विचारलं, गॅसनं किडा मरतो का. ते म्हणाले, "काही मरतात. वेळ लागतो. बाटली किती दिवस ठेवली त्यावर आहे." मग घड्याळ पाहिलं.
आमच्याकडं बाटली किती दिवस राहायची? सकाळी भरली, दुपारी संपली.

आषाढ शु. ५
सकाळी दुकानाकडं गेलो तर मागं धूर. चूल पेटलेली. दोन्ही हंडे वर. मामा पाटावर बसून फुंकणीनं फुंकत होते, डोळे लाल. धुरानं असतील. मला पाहिलं. मी पाहिलं. मी पलीकडचं लाकूड उचलून दिलं, त्यांनी घेतलं, चुलीत सारलं.
हुसेनमियाँ दारात उभा होता, तो तसाच मागं वळला.
सहन झालं नाही. मामा आपलं म्हणणं धरून राहिले असते, चिमणी विझवून दाखवली असती, तर बरं होतं.

आषाढ शु. १४
गिऱ्हाईक निम्मं. मामा काउंटरवर बसत नाहीत, मागं चुलीपाशी असतात. कुणी विचारलं नाही तरी सांगतात, "उकळलेलं आहे हो." न विचारणाऱ्यालाही.
हुसेनमियाँ म्हणाला, "साब, मामूंना सांगा, इतकं बोलू नका. लोक शक घेतात." त्याचं बरोबर आहे. त्याचा भाचा सुद्धा आजारी होता त्या दिवसांत, वाचला. हे त्यानं आज सांगितलं. तेव्हा का सांगितलं नाही, विचारलं. मशीनवर माझेच हात होते ना साब, म्हणाला.
माझा हिस्सा काढून घ्यावा का? कोण घेणार. आणि मामांना काय म्हणून सांगायचं.

आषाढ व. ८
सौ.शी बोललो शेवटी. वहिनींना सांगावं म्हटलं. शेत माझ्या नावावर ठेवून बसल्यात त्या. मी ते कुठल्या तोंडानं कसू, कुठल्या तोंडानं परत करू.
ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सांगून काय सांगणार? सोड्यानं गेले? तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"
नाही.
"मग नुसता संशय नेऊन त्यांच्या पदरात घालणार. आणि बाबा?" मग भाजी बाजूला ठेवून रडली. इकडं माहेर, तिकडं सासर, तिनं कुठं बघायचं.

श्रावण शु. ८
वहिनी आल्या, त्यांच्या भावासोबत. गंगेवर दादाच्या नावानं पाणी सोडायचं म्हणाल्या. आल्या आल्या, "कारखाना बघू द्या आधी."
मामांना सकाळीच निरोप दिला होता. निघून जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. उभे राहिले, हात जोडले. मग आमच्या घरून सौ.नं पाठवलेला ताकाचा तांब्या पुढं केला. कुठल्याही पाहुण्याला सोड्याशिवाय जाऊ न देणारा माणूस.
वहिनींनी ताक घेतलं. सगळीकडं बघत होत्या. "ह्ये त्ये चाक का? पोरांला त्येंनी हातानं करून दाखवलं हुतं, आसं फिरतंय म्हणून." मग म्हणाल्या, "सोडा न्हाई का?"
हुसेनमियाँ चाक पुसायला लागला.
"दुखण्यात सारखं सोडाच मागायले हुते. एक बाटली उरली हुती, ती दिली. तेवढीच पोटात ऱ्हायली जराशी. बाकी समदं पडलं." मामांकडं वळून, "तुमचे लई उपकार झाले, मामा."
मामा भिंतीला टेकले. हुसेनमियाँनी चाक सोडलं.
"मलाबी एक द्या. त्येंला आवडलं त्ये काय हुतं, बघू तरी."
मामांनी बाटली आणली. गोटी त्यांच्या अंगठ्यानं दबेना, दोनदा निसटली. मी घेतली, दाबली, वहिनींना दिली. उकळलेलंच होतं, आता सगळं उकळलेलंच असतं. तरी त्या पीत होत्या तोवर बाटलीत किती उरलं तेच मी बघत होतो.
त्या हळूहळू, थांबत थांबत, सगळी प्याल्या. रिकामी बाटली पदरानं पुसली आणि पेटीत बाकीच्यांजवळ नीट ठेवली.

श्रावण शु. ९
त्यांची मोटार दुपारची. सकाळी सौ. आणि त्या गंगेवर गेल्यात. काल निजायच्या आधी वहिनी म्हणाल्या, भाऊजी, रबीच्या पेरणीला तुम्ही या, तुमच्या हातानं होऊ द्या. हाव म्हणालो.
मामांकडं जाऊन आलो आत्ता. विचारलं, सांगू का. पाटावर बसूनच म्हणाले, "तुम्हाला वाटेल तसं करा, जावईबापू." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर काही सोपवलं.
उंबऱ्यावर बसून लिहून राहिलो. सांगायचं तर आत्ताच, मोटार सुटायच्या आत. कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. हंड्यापासून की चिमणीपासून. की आधी म्हणायचं, वहिनी, खरं मलाही ठाऊक नाही.
गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. सौ. मागं राहिलीय, वहिनी पुढं. ओला पदर, हातात तांब्या. मला पाहून तिथूनच हात केला.